उचगावच्या माळावरचा एक मैल

मित्रांनो, नृसिंहराव वकिलांच्या परसात शेवग्याखाली पत्र्याचे एक लांबट खोके पडले आहे. आक्काच्या कोंबड्या त्यात अंडी घालतात. ते खोके म्हणजे मी. मी मोटार होते. ‘होते’ म्हणताना मला संकोच वाटतो, कारण चारही चाके अजून माझ्या अंगाला आहेत. पण जिला एक हातही पुढे सरकता येत नाही, तिला मोटार कोण म्हणेल?

खरे सांगायचे तर आपल्या आपण सरकणे मला कधीच जमले नाही. कुणी हँडल फिरवावे, कुणी चाक धरावे, मग मी चालावे. आम्हा यंत्रांचा जन्मच असा. चालवणारा धड असेल तर आम्ही धड. मला धड चालवणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म विलायतेतला. एका मोठ्या कारखान्यात एकाने माझी चाके बसवली, दुसऱ्याने पितळी दिवे लावले, तिसऱ्याने हिरवा रंग दिला. त्यांतल्या एकानेही पुन्हा माझ्याकडे वळून पाहिले नाही. लाकडी पेटीत घालून मला बोटीवर चढवले. मुंबईत एका गोऱ्या साहेबाने मला तीन वर्षे वापरले आणि मायदेशी जाताना विकून टाकले. घेतले ते कोल्हापूरच्या नृसिंहराव वकिलांनी. ते १९११ साल होते. शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती. गावात तालमी पुष्कळ, टांगे पुष्कळ, आणि मोटारी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या.

रेल्वेतून उतरवून मला स्टेशनाबाहेर उभे केले. वकीलसाहेब माझ्याबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक हातात धरून तासभर माझ्याभोवती फिरले. पान उलटावे, हँडल फिरवावे, पुन्हा पान उलटावे. मी काही सुरू होईना. माझ्या पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. मला ते कळत होते, पण पुस्तकात ते लिहिलेले नव्हते. शेवटी भाड्याची बैलजोडी आणून मला मागे बांधले, आणि मी कोल्हापुरात शिरले ती बैलांच्या शेपटांकडे बघत.

“वकीलसाब, हिला कडबा किती लागतोय ओ?” रस्त्याकडेचा एक जण ओरडला, आणि सगळा रस्ता हसला. वकीलसाहेब खाली मान घालून चालत राहिले.

मंगळवार पेठेत एका दुकानापुढे टांग्याच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवणे चालले होते. चाकावर पाणी ओतताच वाफेचा लोट उठला आणि त्यातून एक माणूस बाहेर आला. तिशीचा असेल. पंजे चांगले रुंद, भुवया धगीने करपलेल्या. त्याचे नाव शमशुद्दीन. टांग्याची चाके करणे हा त्यांच्या घरचा धंदा.

“साहेब, जरा थांबवा की,” तो म्हणाला. “बैलं सोडा. बघू द्या मला.”

तो जमिनीवर उताणा झोपून माझ्या खाली शिरला. बराच वेळ नुसता बघत होता. मग त्याने ती नेमकी नळी सोडवली, तोंडाने फुंकली, कचरा आणि पेट्रोल थुंकून टाकले आणि नळी परत बसवली. तिसऱ्या हँडलला मी सुरू झाले.

“तुला मोटारीचं काम येतं?” वकीलसाहेबांनी विचारले.

“न्हाय, साहेब. आज पयल्यांदाच बघतोय. पर नळी तुंबली तर हुक्का बी वडत न्हाय, ही काय वडणार?”

त्या दिवसापासून तो माझा झाला, किंवा मी त्याची. सकाळी दहापर्यंत दुकान आणि त्यानंतर मी, असे त्याने ठरवून घेतले. वकीलसाहेबांनी त्याला महिना बांधून दिला. पहिल्याच आठवड्यात त्याने अंगणात गोणपाटे पसरली आणि मला तुकड्या-तुकड्याने सोडवले. प्रत्येक तुकडा रॉकेलमध्ये धुतला, ओळीने मांडला आणि चार दिवसांनी सगळे परत जागच्या जागी बसवले. वकीलसाहेबांची थोरली बहीण आक्का त्याच घरी राहते. घर सगळे तिच्याच हातात. ती पायरीवर बसून हे बघत होती.

“शमशुद्दीन, एखादा खिळा उरला तर सांग हो,” ती म्हणाली.

“उरला न्हाय, आक्का. उलट एक कमी पडला. त्यो मी घडवून घातला.”

त्यानंतरची दोन वर्षे माझी सुखाची गेली. वकीलसाहेबांना मी रोज कोर्टात नेई. दाव्याच्या कामाला एकदोनदा आजऱ्यापर्यंतही गेले. घाटात इंजिन तापले की शमशुद्दीन मला झाडाखाली उभी करी आणि म्हणे, “दम खाऊ द्या तिला.” त्याने वकीलसाहेबांनाही चालवायला शिकवले. ते मनाने फार चांगले गृहस्थ, पण चाकावर बसले की त्यांचे हात गार पडत. समोरून गाडी दिसो, म्हैस दिसो, की कुत्रे दिसो, ते पायाचा ब्रेक सगळा जोर लावून दाबत. शमशुद्दीन शेजारून सांगे, “साहेब, हातचा वडा, हातचा. पायाचा शेवटाला.” ते मान हलवत आणि पुढच्या म्हशीला पुन्हा तेच करत.

आता माळावरच्या त्या दिवसाकडे येते.

गावातल्या मोटारवाल्या मंडळींत तात्यासाहेब नाडगोंडे नावाचे एक जमीनदार होते. एकदा मुंबईला जाऊन ते मोटारींची शर्यत पाहून आले आणि त्यांनी ठरवले की कोल्हापुरातही तसे काही झाले पाहिजे. उचगावच्या माळावरून जाणारा रस्ता दीड मैल सरळ आहे. त्यातला एक मैल मोजायचा, दोन्ही टोकांना फक्कीच्या रेघा मारायच्या. एका वेळी एकच मोटार धावेल आणि तात्यासाहेब घड्याळ लावतील. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल, त्याला चांदीचा पेला. बैलगाड्यांच्या शर्यती आमच्या भागाला नव्या नाहीत, पण मोटारींची अशी धाव पहिलीच. पाच मोटारी ठरल्या. त्यांतली एक मी.

वकीलसाहेबांनी घरी येऊन शमशुद्दीनला सांगितले, “चालवायची तूच.”

शमशुद्दीन फडके घेऊन माझे पितळी दिवे पुसायला लागला. ते सकाळीच पुसून झाले होते.

धावेआधीच्या आठवड्यात तो मला रोज पहाटे माळावर नेई. मित्रांनो, तोपर्यंत मला वाटत असे की मी टांग्यापेक्षा थोडी भरभर चालणारी वस्तू आहे. त्या माळावर मला कळले की मी काय आहे. माझ्या चालवायच्या चाकावर दोन लहान दांड्या होत्या, एक पेट्रोल कमीजास्त करायची आणि एक इंजिनातली ठिणगी आधी-मागे करायची. त्या तो अशा सरकवी की मला कुठेही ओढल्यासारखे वाटू नये. वारा, धूळ, आणि मागे पडत जाणारी बाभळीची झाडे. थांबायचे असले की तो हातचा ब्रेक हळूहळू ओढी. पायाच्या ब्रेकला त्याने त्या आठवड्यात एकदाही पाय लावला नाही.

म्हणूनच की काय, ती गोष्ट ध्यानात यायला उशीर झाला. धाव रविवारी होती. शनिवारी दुपारी वंगण घालायला तो माझ्या खाली शिरला आणि तिथेच थबकला. पायाच्या ब्रेकचा जो लोखंडी दांडा मागच्या बाजूला जातो, त्याच्या वाकणावर केसाएवढी चीर गेली होती. मला ती महिनाभर सलत होती. दाबले की मी करकरत होते. यापलीकडे मला दुसरी भाषा नाही.

शमशुद्दीन वकीलसाहेबांना बोलावून घेऊन आला. “साहेब, ह्यो दांडा चिरलाय. हात लावून बघा. नवा घडवाय पायजे. येक दिस द्या मला.”

“उद्या सकाळी धाव आहे, शमशुद्दीन.”

“तात्यासाहेबांस्नी सांगा की. सोमवारी घ्या म्हणावं.”

वकीलसाहेब हसले. “लोक म्हणतील, वकील तारीख मागतोय. कोर्टात मागतो तेवढ्या पुरे आहेत. अरे, एकच मैल तर धावायचंय. आणि चालवणार तू आहेस.”

शमशुद्दीनने थोडा विचार केला. मग म्हणाला, “मी चालवणार हाय, तवर काळजी न्हाय. मला पायाचा ब्रेक लागतच न्हाय.” त्याने चिरेवर तार घट्ट गुंडाळली आणि सोमवारी नवा दांडा घालायचा ठरवला. तार किती तग धरते ते मला ठाऊक होते. पण तो चाकावर असणार, म्हणून मीही निर्धास्त होते.

रविवारी सकाळी माळावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. उचगावची माणसे, गावातले विद्यार्थी, फेटे बांधलेले पैलवान, गुळाची चिक्की विकणारे. पाचही मोटारी रेघेपाशी उभ्या राहिल्या. शमशुद्दीनने धुतलेला सदरा आणि नवी टोपी घातली होती. तो माझ्या चाकावर बसला आणि दांड्यांवर हात ठेवून समोर बघत राहिला.

तात्यासाहेब हातात कागद घेऊन एकेका मोटारीपाशी येत होते. माझ्यापाशी येऊन थांबले.

“नृसिंहराव, हा कोण चाकावर?”

“शमशुद्दीन. तो चालवणार आहे.”

“तुमच्याकडे पगारी आहे ना?”

“तसा म्हणजे... घरचाच आहे.”

“नियम वाचलात की नाही? पत्रक पाठवलं होतं सगळ्यांना. ही हौशी मंडळींची धाव आहे. मालकानं किंवा त्याच्या स्नेह्यानं चालवायची. पगारी माणूस, कारागीर, चाकावर चालणार नाही.” मग ते शमशुद्दीनकडे वळले. “काय रे, पगार घेतोस का नाही?”

तो ‘नाही’ म्हणाला असता तर कुणी विचारायला जाणार नव्हते. पण तो म्हणाला, “घेतो की, साहेब. काम करतो, पगार घेतो. त्यात काय चोरी हाय?”

आजूबाजूची मंडळी हसली.

“मग उतर खाली.”

मित्रांनो, दुसऱ्याचे कागद ओळ न् ओळ वाचणारे वकीलसाहेब. त्यांनी ते पत्रक खिशात घातले होते आणि वाचलेच नव्हते. आता त्यांना एवढेच म्हणायचे होते की, हा चालवत नसेल तर माझी मोटार धावत नाही. ते वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलेले मी पाहिले. पण तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणाले, “वकील भ्यालं जणू!” आणि ते वाक्य परत आत गेले. शमशुद्दीन खाली उतरला. वकीलसाहेब चाकावर चढून बसले. तेलाचा पंप हाताने मारावा लागे, त्यासाठी एक मेकॅनिक शेजारी बसवायला नियमात मुभा होती. शमशुद्दीन वळसा घालून त्या बाजूला आला.

तात्यासाहेब आपल्या मोटारीतून पुढे शेवटच्या रेघेवर निघून गेले. आमचा नंबर शेवटचा होता. एकामागून एक बाकीच्या चार मोटारी सुटू लागल्या आणि आम्ही उभे होतो.

“साहेब,” शमशुद्दीन हळूच म्हणाला, “नगं. दांडा चिरलाय, तुमास्नी ठावं हाय. परत फिरू.”

“मी पायाचा ब्रेक लावणारच नाही. हातचाच ओढीन.”

“तुमची सवय मला ठावं हाय, साहेब.”

“इतक्या लोकांत आता कसं फिरायचं, शमशुद्दीन?”

तिसरी मोटार गेली. शमशुद्दीनने पुन्हा एकदा विनवले. वकीलसाहेबांनी चाक दोन्ही हातांनी आवळून धरले. त्यांच्या हातांचा गारवा मला चाकातून कळत होता. मला काय करता येत होते? बंद पडणेसुद्धा माझ्या हातात नव्हते. शमशुद्दीनने मला इतके नीट ठेवले होते की पहिल्या हँडललाच मी सुरू झाले.

निशाण खाली पडले.

सुरुवातीला मी हिसके खात गेले. मग शमशुद्दीनने शेजारून हात लांब करून चाकावरच्या त्या दोन दांड्या आपल्या ताब्यात घेतल्या. “आता गियर बदला, साहेब. आता. चाक सरळ धरा, दुसरं काय करू नगा.” एका हाताने तेलाचा पंप, एका हाताने दांड्या. वकीलसाहेब नुसते चाक धरून होते. मी धावले. पहाटे धावत असे त्याहूनही जोरात धावले. दोन्ही बाजूंची माणसे एकाच रंगाची झाली. शेवटची रेघ माझ्या खालून केव्हा गेली तेही मला कळले नाही.

त्या रेघेपुढे दीडशे पावलांवर आडवी पाणंद येते. तिथे बैलगाड्या अडवून ठेवायला एक माणूस उभा केला होता. पाच मोटारी गेल्या की गाड्या सोड, असे त्याला सांगितले होते. त्याने पाच मोजल्या. पण रेघेवर जाताना तात्यासाहेबांची मोटार त्याच्या डोळ्यांपुढे आली, तीही त्याने मोजली. माझी सहावी होती हे त्याला माहीत नव्हते. त्याने गाडी सोडली. उचगावच्या आकारामची गाडी होती, उसाने भरलेली. वर त्याची बायको तानाबाई बसली होती. बैल रस्त्याच्या मधोमध आले आणि मला बघून खिळल्यासारखे उभे राहिले.

“हातचा!” शमशुद्दीन ओरडला.

वकीलसाहेबांनी पाय दाबला. सगळा जोर लावून दाबला. तार तुटली, चीर फाटली आणि दांड्याचे दोन तुकडे झाले. त्यांचा पाय तळापर्यंत गेला. मला काहीच अडले नाही. मी जात राहिले.

मित्रांनो, थांबायचे मनात असून थांबता न येणे कसे असते, ते तुम्हाला कधी कळू नये. बैलांचे डोळे मला दिसत होते. गाडीवरच्या बाईने उसाची मोळी दोन्ही हातांनी धरली होती. ती ओरडलीसुद्धा नाही.

हातच्या ब्रेकचा दांडा उजव्या अंगाला, बाहेरच्या बाजूला असतो. शमशुद्दीन उठून वकीलसाहेबांच्या अंगावर आडवा पडला, हात बाहेर काढला आणि त्याने तो दांडा मुठीत धरून ओढला. मागची चाके आवळली. माझे तोंड उजवीकडे फिरले आणि रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीच्या दगडी कठड्याला मी अंगाने घासत गेले. त्या बाजूला त्याचा हात होता. दांडा त्याने सोडला नाही. सोडला असता तर मी थांबले नसते.

मी थांबले तेव्हा माझ्यात आणि बैलांत वीतभर अंतर होते.

शमशुद्दीनने आधी बैलांकडे पाहिले. “लागलं न्हाय न्हवं कुनाला?” त्याने विचारले. मग आपल्या हाताकडे पाहिले आणि खाली बसला.

तानाबाई गाडीवरून उडी टाकून आली. तिने लुगड्याचा पदर टरकन फाडला आणि त्याच्या हाताला करकचून बांधला. “पावणं, डोळं मिटू नगा,” ती दरडावून म्हणाली. “माझ्याकडं बघा. नाव काय तुमचं? नाव सांगा.” त्याने नाव सांगितले. आकारामने त्याला उचलून तात्यासाहेबांच्या मोटारीत घातले, आणि ती मोटार इस्पितळाकडे गेली.

मला वाटले, आता सगळे घरी जातील. पण अर्ध्या तासाने एक टेबल मांडले गेले. पेला ठरलेला होता, पाहुणे आलेले होते. तात्यासाहेबांनी कागद वाचला. “नृसिंहराव वकील यांची मोटार. एक मैल. एक मिनिट बावीस सेकंद. पहिला नंबर.”

टाळ्या पडल्या. वकीलसाहेब पुढे गेले. त्यांच्या बाहीवर रक्त होते, ते त्यांचे नव्हते. पेला हातात घेऊन ते लोकांकडे वळले. सगळे गप्प झाले, कारण वकील बोलणार. त्यांनी तोंड उघडले.

“आभारी आहे,” ते म्हणाले. दुसरे काही नाही. कठड्याला टेकून, एक चाक वाकलेली अशी मी तिथेच उभी होते. मी ते ऐकले.

शमशुद्दीनच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला.

मला बैलांनी ओढून परत आणले. या वेळी कुणी कडब्याचे विचारले नाही. आक्का दारात उभी होती.

“पेला कुणाचा?” तिने विचारले.

“माझ्या नावाचा आहे.”

“नाव नाही विचारलं, नृसिंहा.”

ते आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. एवढे खरे की त्यांना दुःख झाले होते. इस्पितळात ते रोज जात, डॉक्टरांशी बोलत, फळे नेत. पण शमशुद्दीनपाशी जे बोलायला हवे होते, ते त्यांच्याने बोलवत नव्हते.

पंधरा दिवसांनी शमशुद्दीनची बायको हाफिजा आमच्याकडे आली. त्याची हत्यारे माझ्याजवळच्या फळीवर होती, ती न्यायला. पान्हे, हातोडी, कानशी, एकेक तिने पिशवीत भरले. वकीलसाहेब आतून पेला घेऊन आले.

“हाफिजाबाई, हा तुमच्याकडे न्या. हा खरा त्याचा आहे.”

तिने पेला हातात घेऊन फिरवून पाहिला. तिला वाचता येत नव्हते. “ह्याच्यावर त्यांचं नाव हाय?”

“नाही. माझं आहे.”

“मग आमच्यात कशाला? चोरून आणलाय म्हणतील.” तिने तो माझ्या पत्र्यावर ठेवला. “साहेब, एक इचारू? तुमी कोर्टात लोकांसाठनं तासतास बोलता म्हणत्यात. आमच्या मालकासाठनं चार शबुद न्हाई निघालं तुमच्या तोंडातनं?”

हाफिजा जायला निघाली. जाताना तिने माझ्यावर हात ठेवला. मला वाटले, ती मला शिव्या देईल. मी त्या लायक होते. ती म्हणाली, “ह्यांला म्हटलं, चाकावर बसू दिलं न्हाय, मग शेजारी तरी कशापायी बसला? तर म्हणत्यात, गाडी मी हुबी केलीया, तिला एकली कशी सोडू.”

मित्रांनो, एवढी वर्षे गेली, पण हे आठवले की मला माझ्या गंजाची लाज वाटते.

वकीलसाहेबांनी तात्यासाहेबांना पत्र लिहिले. पेल्यावर शमशुद्दीनचे नाव घालावे, अशी विनंती केली. उत्तर आले की नियम सगळ्यांना सारखा. पेला नको असेल तर परत पाठवावा. वकीलसाहेबांनी पेला परत पाठवला. नाव काही लागले नाही. पुढच्या वर्षी विलायतेत लढाई पेटली, पेट्रोल आणि टायर येईनासे झाले, आणि ती धाव पुन्हा कधी भरलीच नाही. मंगळवार पेठेतले दुकानही बंद झाले. चार बोटांशिवाय चाकावर लोखंडी धाव कशी चढवणार? शमशुद्दीन आजऱ्याला हाफिजाच्या माहेरी गेला. जाताना तो आमच्याकडे आला नाही.

वकीलसाहेबांनी मला पुन्हा हात लावला नाही. ते टांग्याने कोर्टात जाऊ लागले. मला पडवीतून परसात ढकलले. पहिल्या पावसाळ्यात गादी कुजली, दुसऱ्या पावसाळ्यात टायर. दिवे काढून देवघराबाहेर लावले. तिसऱ्या वर्षी कोंबड्या आल्या. मी तक्रार करत नाही. कोंबड्या निदान उबेला आहेत.

गेल्या वर्षी आजऱ्याहून गुंडू नावाचा एक सुतार बैलगाडी घेऊन आला. तिथे भात सडायची गिरणी घालायची होती आणि तिला इंजिन हवे होते. “शमशुद्दीननं सांगितलंय,” तो म्हणाला, “त्या गाडीचं इंजिन अजून मेलं नसणार. मी बांधलंय त्ये, असं म्हणतोय त्यो.”

वकीलसाहेब लगेच म्हणाले, “घेऊन जा.” मग अडखळत विचारले, “तो कसा आहे?”

“डाव्या हातानं करतोय समदं. कुठला पान्हा कुठं लावायचा, त्ये मला पाठ करून धाडलंय त्यानं.”

गुंडूने मला सोडवले. इंजिन म्हणजे माझा जीवच. ते उचलून गाडीत घातले तेव्हा मी हलकी झाले, इतकी की शेवग्याची शेंग पडली तरी आवाज घुमू लागला. गाडी निघाली आणि वकीलसाहेब पायात चपला घालून तिच्यात चढून बसले. आक्काने कुठे म्हणून विचारले नाही. त्यांची शाल तेवढी आणून दिली.

ते आठव्या दिवशी परत आले आणि परसात येऊन माझ्या पायरीवर बसले. आक्का कोंबड्यांना दाणे टाकत होती.

“बोललास?” तिने विचारले.

“बोललो. इंजिन सुरू करायला चाळीसेक माणसं जमली होती. सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी मोटार यानं चालवली, माणसं यानं वाचवली आणि पेला मी घेतला.”

“मग तो काय म्हणाला?”

“चहा दिला. माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, साहेब, लई चांगलं बोलला. पर ह्या लोकांस्नी काय ठावं? त्या माळावर बोलायला पायजे हुतं.”

आक्काने दाण्याची परात खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. वकीलसाहेब दिवस मावळेपर्यंत माझ्या पायरीवर बसून होते. इंजिन तिथे कसे चालते, हे ते सांगतील असे मला वाटत होते. त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारता आले नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. यंत्राची निगा राखा, वेळेवर वंगण घाला, करकर ऐकू आली तर थांबून बघा, एवढे तर मी तुम्हाला सांगणारच. ज्याचे हात त्या यंत्रात गेले आहेत, तो ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे ऐका, मग लोक कितीही हसोत. आणि कुणाच्या कामाचे बक्षीस तुमच्या हाती आले, तर ते खरे कुणाचे हे तिथेच, त्याच माणसांपुढे सांगा. नंतर सांगितलेले त्याच्यापर्यंत पोचते, पण उशिरा पोचते.

शाळा सुटली की तुम्ही कुंपणावरून उड्या टाकून येता आणि खिळ्याने माझ्या पत्र्यावर आपापली नावे कोरता. आक्का रागावते. मी रागावत नाही. फक्त एक मागणे आहे. पुढच्या अंगाला, डाव्या दिव्याच्या भोकापाशी, अजून वीतभर जागा रिकामी आहे. तिथे एक नाव लिहा. शमशुद्दीन. यातले ‘द्दी’ जरा अवघड आहे. आले नाही तर आधी मास्तरांना विचारून या. पण चुकवू नका.